रिकाम्या घरासाठी दोन चौकटी

४ मार्च

दादा,

वाकून नमस्कार केला असं समज. खरंच वाकायचं म्हटलं तर कंबर धरते, आज हॉटेलात बावीस पलंग झाले.

तू भरलेला फॉर्म वसाहतीच्या ऑफिसने माझ्याकडे पाठवला, कारण खाली माझीही सही लागते. नशीब लागते! तू तर आईचं घर एका फुलीत उडवून मोकळा झाला होतास. अरे बाबा, फॉर्म आधी वाचायचा असतो. वरती आईच्या नावाखाली छापलंय, ‘निवृत्त टायपिस्ट, टाइम ऑफिस. घर वापरात असेपर्यंत हयातभर राहण्याचा हक्क.’ खाली विचारलंय, घर सध्या कसं आहे? पुढे दोन चौकटी. एक ‘व्हेकंट’, दुसरी ‘अनऑक्युपाइड’. तू पहिलीत फुली मारून टाकलीस.

तुझंही बरोबर आहे म्हणा. आपल्याकडे दोन्ही रिकामंच. दाराला कुलूप, आत कोणी नाही, संपलं. पण मी ऑफिसात जाऊन विचारून आले. व्हेकंट म्हणजे माणूस गेलं, आता परत यायचं नाही. मग ते कुलूप बदलतात आणि घर यादीतल्या पुढच्या कामगाराला देतात. अनऑक्युपाइड म्हणजे माणूस सध्या नाही, पण त्याचं सगळं तिथेच आहे आणि ते येणार आहे. मग घर सहा महिने राखून ठेवतात. फक्त पाहणीला माणूस येतो आणि खात्री करून जातो.

मला तर हे एकदा ऐकताच कळलं. माझं अख्खं आयुष्य हेच आहे. सकाळी हातात तक्ता घेते, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या निम्म्या खोल्यांत कोणी नसतं. पण पाहुणा कामाला बाहेर गेलाय की हॉटेल सोडून गेलाय, हे आधी बघावं लागतं. बाहेर गेलेल्याच्या खोलीत मी त्याचं पुस्तक उघडं असेल तर उघडंच ठेवते. पान मिटायचं नाही, चप्पल सरळ करायची नाही. सोडून गेलेल्याच्या खोलीत त्याचा केससुद्धा राहता कामा नये. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. तू मात्र बोगद्यात नटबोल्ट आवळत बसलास, तुला कोण शिकवणार?

आई असती तर तुझा कानच पिळला असता. असती म्हणजे बरी असती तर. जेवताना डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायची आठवतं ना? दोन शब्द द्यायची आणि फरक सांगितल्याशिवाय उठू द्यायची नाही.

मी नवा फॉर्म भरून दिलाय. पाहणी वीस तारखेला आहे. आपलं घर चकाचक आहे, त्याची काळजी नको. मी दर रविवारी जाते.

आईचं आहे तसंच आहे. अर्धांगाचा झटका येऊन आठ आठवडे झाले. छताकडे बघत पडलेली असते. आपण गेलो काय नि भिंत आली काय. मी रोज काम संपलं की तासभर बसते आणि उठून येते. रडू येत नाही मला. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, येईल हळूहळू. मी म्हटलं, येऊ दे, पण ड्यूटीवर नको.

तुझी,
टकळी

१२ मार्च

टकळे,

पत्र मिळालं. इथे डोंगराच्या पोटात फोन लागत नाही, आणि लागला तरी मागे रांग असते, म्हणून लिहितो.

फॉर्मचं चुकलं खरं. घाईत होतो. मशीन बंद पडलं होतं आणि साहेब डोक्यावर उभे होते. रिकामं म्हणजे रिकामं, एवढंच बघितलं आणि फुली मारली. तू धावपळ करून निस्तरलंस, बरं केलंस.

पण मला एक वाटतं. तू हॉटेल सांभाळतेस, हॉस्पिटल सांभाळतेस, वर दर रविवारी तीन मजले चढून घर पुसतेस. किती करशील? आईला बरं वाटलं तर देवच पावला. पण नाही वाटलं तर त्याचीही मनाची तयारी असावी. एवढंच म्हणतो. राग मानू नकोस.

इकडे ठीक. बोगदा रोज चार हात पुढे सरकतो. मी जेवतो, झोपतो, उठतो. काय वाटतं असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही.

पाहणीचं कळव.

दादा

२२ मार्च

दादा,

पाहणी झाली. घर गेल्यात जमा आहे. आणि ते तू नाही घालवलंस, मी घालवलं.

आधी सांगते काय झालं ते. वीस तारखेला अकरा वाजता ऑफिसातले गृहस्थ आले. साठीला टेकलेले, जिने चढून दम लागलेला, पण माणूस सज्जन. मी दार उघडलं. ते आत आले, मध्यभागी उभे राहिले आणि म्हणाले, ‘घर सोडून किती दिवस झाले?’

मी म्हटलं, ‘सोडलेलं नाही हो. आई हॉस्पिटलमध्ये आहे. परत येणार आहे.’

त्यांनी बघितलं आणि मीही त्यांच्याबरोबर बघितलं. पलंगावर पांढरी चादर, चारी कोपरे खोचलेले, नाणं टाकलं तर उडेल अशी ताणलेली. टेबलावर काही नाही. ट्रेमध्ये दोन ग्लास पालथे, वरती कागद. मोरीत नवा साबण, वेष्टन न काढलेला. भिंतीवर कॅलेंडर नाही. कपाट उघडलं तर आत सहा रिकामे हँगर, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. त्यांनी वाकून पलंगाखालीसुद्धा बघितलं. चप्पल नव्हती.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘इथे कोणी राहत होतं अशी एक खूण दाखवा. मी लगेच हवं ते लिहितो.’

मला एकही खूण दाखवता आली नाही.

दादा, मी सोडून गेलेल्याची सफाई केली होती. आईला नेलं त्याच्या दुसऱ्या रविवारी मी किल्ली घेऊन गेले, बाह्या सरसावल्या आणि सुरू झाले. अडीच तासांत खोली तयार. हाताला लागेल ते पिशव्यांत भरून ट्रंकेत टाकलं. कपडे टाकले, कंगवा टाकला, अर्धं विणलेलं काय होतं तेही टाकलं. तेव्हा मी काय करतेय हे माझ्या डोक्यात आलंच नाही. डोक्यात काहीच येत नव्हतं. पुढच्या प्रत्येक रविवारी जाऊन मी फक्त धूळ पुसली आणि स्वतःवरच खूश झाले. वर तुला पत्रातून शहाणपण शिकवलं! नव्या मुलीने असं केलं असतं तर तिला मी त्याच दिवशी लाँड्रीत धाडली असती.

त्या गृहस्थांनी ‘व्हेकंट’ लिहिलं. त्यांचा काय दोष? पण जाताना दारात थांबले आणि चौदा एप्रिलला पुन्हा येतो म्हणाले. एकदा फेरपाहणी करता येते.

काल मी सगळं परत मांडायला गेले. ट्रंक उघडली आणि बसून राहिले. दादा, कंगवा कुठे असायचा रे? खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती की दाराकडे? मी त्या घरात एकवीस वर्षं राहिले आणि मला आठवत नाही. आठवायला गेलं की नुसती हॉटेलची खोली डोळ्यांपुढे येते. तुला आठवतं का? जे आठवेल ते लिही. बारीकसारीक सगळं लिही. तेवढं एकच कर माझ्यासाठी.

टकळी

३० मार्च

टकळे,

आधी एक सांगतो, मग यादी देतो. नाहीतर यादी देऊन गप्प बसेन.

मला त्या दोन शब्दांतला फरक माहीत होता. आईच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला तो कळला नाही, यावर तू विश्वास कसा ठेवलास? मी पाच मिनिटं फॉर्म पुढे घेऊन बसलो होतो. दोन्ही वाचलं आणि समजून उमजून पहिल्या चौकटीत फुली मारली.

जानेवारीत मी दोन दिवस येऊन गेलो ना, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं होतं. म्हणाले, ‘ओळख राहिलेली नाही. विचारलेलं समजत नाही. घरी परत जाण्याची आशा धरू नका. बहिणीला तुम्हीच सांगा.’ मी हो म्हटलं. मग आत आलो आणि आईच्या पायाशी दहा मिनिटं उभा राहिलो. ती माझ्यातून आरपार बघत होती. मी तिला साधी हाकसुद्धा मारली नाही. तू खाली चहा आणायला गेली होतीस. वर आलीस तेव्हा मी निघायची घाई केली. गाडीत बसल्यावर वाटलं, पत्राने कळवू. पत्रात वाटलं, फॉर्मवरून आपोआप कळेल. आणि तू मला अडाणी ठरवलंस तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हे पण कबूल करतो.

तुझ्या हातून जे झालं ते नकळत झालं. मी समजून केलं. तेव्हा घर कोणी घालवलं याचा हिशोब करू नकोस.

आता यादी. मला आश्चर्य वाटतं, पण मला सगळं आठवतं. बहुधा लवकर बाहेर पडलो म्हणून. खुर्ची खिडकीकडे, पण थोडी तिरकी, म्हणजे दारात कोण आलं ते मान न वळवता दिसेल. कंगवा आरशामागे खोचलेला. कॅलेंडर दाराच्या आतल्या बाजूला, त्यावर दूधवाल्याच्या खुणा. विणकाम उशीखाली, सुया आतल्या बाजूला, कारण तू लहानपणी एकदा त्यावर बसली होतीस आणि वसाहत डोक्यावर घेतली होतीस. चप्पल पलंगाखाली, डावी उजवीच्या वर चढलेली. चष्मा खिडकीच्या कट्ट्यावर, काचा वर करून. अंघोळीला जाताना तिथे ठेवायची आणि परत येताना भिंतीला हात लावत यायची. त्याच्याशिवाय तिला समोरचा माणूस म्हणजे नुसतं धुकं.

चष्म्यावरून आठवलं. मी आलो तेव्हा तो तिच्या डोळ्यांवर नव्हता. मला वाटलं, आजारी माणसाचा काढून ठेवत असतील. कुठे आहे तो?

दादा

१५ एप्रिल

दादा,

तुझं पत्र वाचून आधी मी तुला मनातल्या मनात खूप बोलले. आईविषयी मोठं काही कळलं आणि ते पोटात ठेवून तू मला बारा ओळींचं पत्र लिहितोस, ‘मनाची तयारी असावी’! मी काय परकी आहे का? पण ते राहू दे आता. तू आलास की समोर बसवून बोलेन. शेवटच्या ओळीपाशी आले आणि किल्ली घेऊन घरी धावले.

चष्मा ट्रंकेत होता. पारदर्शक पिशवीत, वर चिठ्ठी लावलेली. हॉटेलात पाहुण्यांचं मागे राहिलेलं आम्ही असंच ठेवतो, सहा महिने, कोणी मागायला आलं तर द्यायला. चिठ्ठी माझ्याच अक्षरात. ‘खिडकीचा कट्टा. चष्मा, १.’ खाली जानेवारीतली तारीख. दादा, मी ती चिठ्ठी शांतपणे लिहिली असणार. पेन बदललेलं नाही की अक्षर हललेलं नाही.

तशीच हॉस्पिटलमध्ये गेले. काचा पदराने पुसल्या आणि तिच्या डोळ्यांवर चढवला. एक काडी कानामागे नीट बसेना, उजवी बाजू लुळी ना. ती छताकडेच बघत होती. मग छत जरा निरखून बघितलं. मग मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या हॉटेलच्या बिल्ल्याकडे बघितलं, पुन्हा तोंडाकडे बघितलं.

‘वाळलीस,’ म्हणाली.

तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द जाड येतात. पण वाळलीस म्हणाली, दुसरं काही नाही. मी खुर्चीतच बसले होते म्हणून बरं.

हळूहळू बोलली. एक वाक्य, मग थांबायची, मग दुसरं. मी विचारलं, ‘आई, इतके दिवस बोलली का नाहीस गं?’ तर म्हणते, ‘कोण असतं तेच दिसायचं नाही. उत्तर कुणाला देऊ? संध्याकाळी एक बाई यायची. बसायची आणि जायची.’

मी म्हटलं, ‘ती मीच होते.’

ती म्हणाली, ‘टकळी असती तर बोलली असती.’

तीन महिने मी रोज तासभर तिच्या उशाशी बसले आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही. काय बोलणार, तिला कुठे कळतंय, असं धरून चालले. तू पायाशी उभा राहिलास आणि गेलास. डॉक्टरांनी समोर बोट धरलं आणि विचारलं, हे काय आहे. तिला बोटच दिसलं नाही. चष्म्याशिवायची आई म्हणजेच आजारी आई, असं आपण सगळ्यांनी ठरवून टाकलं. फॉर्मवरच्या चौकटीवरून आपण दोघं पत्रापत्री करत बसलो, आणि आईवर ‘व्हेकंट’ लिहून कधीच मोकळे झालो होतो.

मोठ्या डॉक्टरांनी परत तपासलं. म्हणाले, समजतं सगळं, बोलणंही सुधारेल. चष्मा लागतो हे आम्हाला कोणी सांगितलं नाही? चालण्याचं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. धरून खुर्चीत बसेल. जिने विसरा.

आता घराचं. चौदाच्या आधीच्या रविवारी मी तुझ्या यादीप्रमाणे सगळं मांडलं. खुर्ची तिरकी, चप्पल एकमेकींवर. इतकं हुबेहूब झालं की मला दारात क्षणभर उभं राहवेना. फक्त कट्टा मोकळा राहिला, कारण चष्मा आता तिच्याकडे आहे. मग फॉर्म घेऊन आईकडे गेले. म्हटलं, घर तुझं आहे, तूच बघ.

तिने तो पूर्ण वाचला. छपाईतली एक चूकही दाखवली, सवय जाते कुठे? दोन्ही चौकटींवर बोट ठेवून म्हणाली, ‘फरक?’ जेवताना विचारायची तसंच. मी सांगितला. एकीत माणूस परत येणार असतं, एकीत नसतं. मान डोलावली. मग ‘जिने’ म्हणाली आणि पेन मागितलं.

डाव्या हाताने पहिल्या, ‘व्हेकंट’च्या चौकटीत फुली मारली. वेडीवाकडी, चौकटीबाहेर गेलेली.

मी म्हटलं, ‘आई, ही कुठली आहे कळतंय ना तुला?’

तिने चष्म्यातून माझ्याकडे रोखून बघितलं. ‘ही घराची,’ म्हणाली. ‘माझी नाही.’

मग मला रडू आलं. सिस्टर म्हणाल्या होत्या तसं, आणि ड्यूटीवर नाही. आई म्हणाली, ‘आता बोल काहीतरी.’ मग मी बोलत सुटले. पाचव्या मजल्यावरच्या पाहुण्याचं घोरणं, लाँड्रीतली भांडणं, तुझा बोगदा, काय वाटेल ते. ती मध्येच झोपली, तरी मी बोलतच राहिले.

काल ते गृहस्थ जिने चढून आले. घर बघितलं, खुर्ची बघितली, हसले आणि अनऑक्युपाइड लिहायला पेन काढलं. मी आईचा फॉर्म पुढे केला. त्यांना काही कळेना. मी म्हटलं, ‘तुम्ही म्हणता तेही खरं आहे, पण आई माझ्याकडे येतेय.’ हॉटेलच्या मागे तळमजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत, तिथे खिडकी आहे, खुर्ची तिरकी ठेवता येते. महिनाअखेरपर्यंत घर मोकळं करायचंय. मी एकटीने करणार नाही. माझ्या हातांचा मला भरवसा राहिलेला नाही. काय कुठे होतं हे माहीत असलेलं माणूस बरोबर हवं.

आई रोज विचारते, तो कधी येणार? मी म्हणते, विचारून सांगते. तर विचारतेय.

टकळी

२० एप्रिल

टकळे,

रजा मिळाली. शनिवारी सकाळी पोचतो. ट्रंक मी उतरवीन, तू हात लावू नकोस. दाराच्या आतलं कॅलेंडर खिळ्यासकट काढायचंय, पक्कड आणतो. दोन रात्री तिथेच झोपेन. चादर तेवढी घट्ट खोचू नकोस, माझे पाय आत शिरत नाहीत.

बोलायचं ते सगळं बोलून घे, ऐकायलाच येतोय. पण आधी आईकडे जाऊ. या वेळी वॉर्डाच्या दारातूनच हाक मारतो. तुझं पत्र आल्यापासून बोगद्यात हाक मारायची सवय करतोय, इथली माणसं हसतात.

तीन महिन्यांची दाढी वाढली आहे. कुणासाठी करायची, असं झालं होतं. आता ती बघणार आहे, तर करून येतो.

दादा